नापास झालेला पूल पुन्हा पास कसा झाला? विद्यासागर सेतूच्या निमित्ताने

कोलकात्यात हुगळी नदीवर थोड्या अंतरावर दोन मोठे पूल आहेत. पहिला हावडा ब्रिज, १९४३ साली वाहतुकीसाठी खुला झालेला. दुसरा विद्यासागर सेतू, १९९२ सालचा. दोघांचे फोटो शेजारी ठेवून बघा. हावडा ब्रिज म्हणजे पोलादी सांगाड्याचं जंगल. विद्यासागर सेतू मात्र दोन मनोरे आणि त्यांपासून पंख्यासारख्या पसरलेल्या केबल्सवर अलगद टांगल्यासारखा दिसतो. मजा म्हणजे दोन्ही पुलांचा मधला गाळा, म्हणजे नदीवरच्या दोन मुख्य आधारांमधलं अंतर, जवळपास सारखंच आहे : १५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर.

नदी तीच, अंतर तेच आणि मध्ये जवळपास ५० वर्षं. त्यामुळे आपण पटकन निष्कर्ष काढतो की जुनं तंत्र गेलं आणि नवं आलं. पीएचडीच्या पहिल्या वर्षात आपण सगळेच लिटरेचर रिव्ह्यू असाच लिहितो. 'आधी अमुक पद्धत होती, मग तमुक आली, ती अधिक चांगली होती.' सरळ रेष.

या पुलांच्या बाबतीत ती रेष दोन ठिकाणी तुटते. एक, तिरप्या केबल्सवर पूल तोलण्याची कल्पना नवी नव्हती. ती हावडा ब्रिजपेक्षा ३०० हून अधिक वर्षांनी जुनी आहे आणि मधल्या काळात ती चक्क नापास ठरवली गेली होती. दोन, विद्यासागर सेतूचे पोलादी भाग हावडा ब्रिजसारखेच रिव्हेट ठोकून जोडलेले आहेत, आणि तेही जगात बहुतेक ठिकाणी रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतलेली असताना.

आज या दोन गोष्टी समजून घेऊ. इंजिनिअरिंग तुमचा विषय नसला तरी चालेल. मुद्दा शेवटी तुमच्या सिनॉप्सिसपर्यंत येणार आहे.

आधी पूल उभा कसा राहतो ते बघू

केबलवर तोललेल्या पुलांच्या दोन मुख्य जाती आहेत. झुलत्या पुलात एक जाड केबल दोन मनोऱ्यांवरून माळेसारखी सोडलेली असते. तिला उभ्या दोऱ्या बांधून खाली रस्ता टांगतात. सगळं वजन शेवटी त्या मुख्य केबलवर येतं आणि केबलची दोन्ही टोकं काठावरच्या जमिनीत अजस्र ठोकळ्यांमध्ये अडकवावी लागतात. ते ठोकळे सरकले की पूल संपला.

केबल-स्टेड पुलात माळ नसते. मनोऱ्यापासून थेट रस्त्यापर्यंत सरळ, तिरप्या केबल्स असतात. अशा प्रत्येक केबलच्या ओढीचे दोन भाग करा. उभा भाग रस्त्याला वर उचलून धरतो. आडवा भाग रस्त्याला मनोऱ्याच्या दिशेने दाबतो. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना केबल्स असल्यामुळे ही दाबादाबी रस्त्यातच एकमेकींना तोलते. म्हणून काठावर झुलत्या पुलासारखे प्रचंड ठोकळे लागत नाहीत. कोलकात्याची जमीन म्हणजे नदीने आणून टाकलेली मऊ माती. तिथे ही गोष्ट किती मोलाची आहे, हे वेगळं सांगायला नको. मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंक तुम्ही पाहिला असेल, त्याचा केबलवाला भागही याच तत्त्वावर उभा आहे.

आता प्रश्न असा, की कल्पना इतकी सोपी असताना तिला इतका उशीर का झाला?

नापास झाल्याची गोष्ट

१७ व्या शतकाच्या सुरुवातीला फाउस्टो वेरान्झिओ नावाच्या विद्वानाने यंत्रांच्या चित्रांचं एक पुस्तक छापलं. त्यात मनोऱ्यांपासून निघालेल्या तिरप्या लोखंडी दांड्यांवर तोललेला पूल आहे. म्हणजे कल्पना कागदावर आली होती.

ती प्रत्यक्षात उतरवण्याचे गंभीर प्रयत्न १९ व्या शतकाच्या सुरुवातीला झाले. स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीवर ड्रायबर्ग इथे १८१७ साली २६० फुटी गाळ्याचा पादचारी पूल तिरप्या साखळ्यांवर उभारला. जानेवारी १८१८ मध्ये, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, तो वादळी वाऱ्यात कोसळला. पुढे जर्मनीत साले नदीवर निएनबुर्ग इथे असाच पूल झाला. डिसेंबर १८२५ मध्ये एका समारंभासाठी त्यावर गर्दी जमली आणि पूल तुटला. सुमारे ५० माणसं मेली.

या दोन अपघातांच्या मधल्या काळात फ्रेंच सरकारने नाविए या इंजिनिअरला ब्रिटनमधले पूल अभ्यासायला पाठवलं. हा तोच नाविए, ज्याचं नाव द्रवांच्या गतीच्या समीकरणात स्टोक्सच्या आधी येतं. त्याने १८२३ साली झुलत्या पुलांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. ड्रायबर्गची घटना त्याच्यासमोर होती. त्याचा कौल झुलत्या पुलाच्या बाजूने पडला. एवढ्या मोठ्या माणसाचा अहवाल आणि दोन वर्षांनी निएनबुर्गची दुर्घटना! तिरप्या केबल्सचा पूल जवळपास शतकभरासाठी बाजूला पडला.

इथे थांबा आणि एक गोष्ट नोंदवा. ड्रायबर्गला पडलेल्या पुलाच्या जागी झुलता पूल बांधला गेला. तोही १८३८ साली वादळात पडला. खुद्द नाविएने पॅरिसमध्ये सेन नदीवर डिझाइन केलेला झुलता पूल १८२६ साली पूर्ण होण्याआधीच अडचणीत आला आणि उतरवावा लागला. दोष होता तो केबल अडकवण्याच्या ठोकळ्यांच्या बाजूने. १९४० साली अमेरिकेतला टाकोमा नॅरोज हा झुलता पूल वाऱ्यात पिळवटून कसा कोसळला, त्याची फिल्म तर फिजिक्सच्या वर्गात दाखवतात.

पण 'झुलता पूल ही कल्पनाच चुकीची' असं कोणी म्हणालं नाही. प्रत्येक वेळी कारण शोधलं आणि डिझाइन सुधारलं. तिरप्या केबल्सच्या वाट्याला मात्र ती संधी आली नाही. त्यांचे पूल पडले तेव्हा दोष पुलाचा न मानता कल्पनेचा मानला गेला.

याचं एक कारण अगदी माणसाच्या स्वभावातलं आहे. लोंबत्या साखळीचं गणित नाविएला येत होतं. तिरप्या दांड्यांचं गणित त्या काळात कोणालाच नीट येत नव्हतं. ज्याचं गणित येतं ते आपल्याला सुरक्षित वाटतं. तुमच्या-माझ्या संशोधनातही हेच होतं. जे मॉडेल सोडवता येतं, त्याच मॉडेलचे प्रश्न आपण निवडतो.

मग ते पूल पडले का?

आज मागे वळून बघताना तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण साहित्य. त्या काळी हातात होत्या घडीव लोखंडाच्या साखळ्या आणि दांड्या. वजनाला जड, ताकदीला कमी. तिरपी साखळी स्वतःच्याच वजनाने पोटात झोल खाते.

दुसरं कारण या झोलातूनच येतं. दोरी सैल असेल तर तिला लटकल्यावर आधी झोल निघतो आणि मग ती खरा भार घेते. तसंच साखळी सैल असेल, तर पूल बराच खाली दबल्याशिवाय ती कामालाच लागत नाही. म्हणजे साखळ्या आधीच ताणून ठेवायला हव्या होत्या. किती ताणायच्या आणि कशा, याचं तंत्र नव्हतं.

तिसरं कारण गणित. दोन-तीन केबल्स असतील तर बलांचा समतोल मांडून उत्तर काढता येतं. पण दहा-वीस असतील तर प्रत्येकीतला ताण बाकी सगळ्यांच्या लांबण्यावर अवलंबून असतो. समतोलाची समीकरणं कमी आणि अज्ञातं जास्त. अशा वेळी प्रत्येक घटक किती ताणला जाईल याचीही समीकरणं जोडावी लागतात आणि सगळी एकदम सोडवावी लागतात.

लक्षात घ्या, तिन्ही कारणं 'त्या काळात' या शब्दांना बांधलेली आहेत. एकही कारण असं नाही जे 'तिरपी केबल कधीच चालणार नाही' असं सांगतं.

अटी बदलल्या, निकाल बदलला

२० व्या शतकाच्या मध्यापर्यंत हे तिन्ही धागे हळूहळू सुटत गेले. उच्च ताकदीच्या पोलादी तारा आल्या. आधीच ताण देऊन ठेवण्याचं तंत्र काँक्रीटच्या क्षेत्रात रुळलं. १९३८ च्या सुमारास फ्रान्झ डिशिंगर हा जर्मन इंजिनिअर एल्ब नदीवर रेल्वेसाठी मोठ्या झुलत्या पुलाचा अभ्यास करत होता. पूल फार हलू नये म्हणून त्याने तिरप्या केबल्स घालून बघितल्या. त्याच्या लक्षात आलं की केबल्स उच्च ताकदीच्या आणि जोरात ताणलेल्या असतील तर पुलाचं दबणं खूप कमी होतं. जुने पूल का फसले, याचं उत्तर यातच होतं.

युद्धामुळे तो पूल झाला नाही. डिशिंगरने आपलं काम १९४९ साली प्रसिद्ध केलं. त्या वेळी जर्मनीतले ऱ्हाइन नदीवरचे पूल युद्धात उद्ध्वस्त झालेले, पोलादाची टंचाई आणि पूल तर पुन्हा बांधायलाच हवेत, अशी परिस्थिती होती. कमी पोलादात भागवणारी रचना सगळ्यांनाच हवी होती. डिशिंगरच्या रचनेवर पहिला आधुनिक पूल मात्र स्वीडनमध्ये स्ट्रोमसुंड इथे झाला, १९५० च्या दशकाच्या मध्यात, सुमारे १८३ मीटर गाळ्याचा. तो बघायला डिशिंगर नव्हता. १९५३ सालीच तो गेला होता. १९५७ साली ड्युसेलडॉर्फला ऱ्हाइनवर २६० मीटरचा गाळा झाला. सुरुवातीच्या या पुलांमध्ये केबल्स मोजक्या आणि जाड होत्या, कारण गणित हातानेच करायचं होतं. कॉम्प्युटर आल्यावर अनेक बारीक केबल्सचे पूल शक्य झाले. बॉनचा १९६७ सालचा पूल त्यातला सुरुवातीचा.

म्हणजे नाविएच्या अहवालापासून स्ट्रोमसुंडपर्यंत सुमारे १३० वर्षं गेली. दरम्यान कल्पनेत फारसा बदल झाला नाही. बदलल्या त्या अटी.

अपयश वाचण्याची दुसरी रीत

याच जातीच्या एका पुलाच्या बाबतीत अपयश वेगळ्या रीतीने वाचलं गेलं. ते मुद्दाम शेजारी ठेवतो.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला यारा नदीवर वेस्ट गेट हा केबल-स्टेड पूल बांधला जात होता. १५ ऑक्टोबर १९७० रोजी त्याचा ११२ मीटर लांबीचा एक गाळा कोसळला आणि ३५ कामगार मृत्युमुखी पडले. १८१८ सालची मनोवृत्ती असती तर काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा.

इथे रॉयल कमिशन बसलं. त्याने कामाचा क्रम तपासला. गाळ्याचे दोन अर्धे भाग वेगवेगळे जुळवून वर चढवले होते. शेजारी आणल्यावर त्यांच्या उंचीत सुमारे साडेचार इंचांचा फरक निघाला. वर आलेली बाजू दाबायला तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवले. त्याने पोलादी पत्रा फुगला. फुगवटा सपाट करायला बोल्ट काढायला घेतले आणि गाळा गेला. कमिशनच्या अहवालात डिझाइनच्या आणि उभारणीच्या, दोन्ही बाजूंच्या चुका आल्या. आणि कोसळलेला गाळा केबल्सवर तोललेला भाग नव्हताच.

दोष नेमका कुठे आहे हे कळल्यामुळे कल्पना फेकून द्यावी लागली नाही. दुरुस्त डिझाइनने पूल १९७८ साली पूर्ण झाला आणि तो केबल-स्टेडच आहे.

आता हुगळीवर येऊ

विद्यासागर सेतूची पायाभरणी इंदिरा गांधींच्या हस्ते २० मे १९७२ रोजी झाली. वेस्ट गेटच्या अपघाताला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला १९७९ उजाडलं. पूल १० ऑक्टोबर १९९२ रोजी खुला झाला. 'हा पूल बांधायला २० वर्षं लागली' असं सर्रास लिहिलं जातं. आकडा बरोबर आहे, पण त्यातली पहिली ७ वर्षं प्रत्यक्ष कामाविनाच गेली. एखादा आकडा उचलताना तो कशाकशाचा मिळून झाला आहे हे बघायची सवय आत्तापासूनच लावा.

डिझाइन जर्मनीतल्या स्टुटगार्टचे इंजिनिअर योर्ग श्लाइश यांच्या गटाचं. एकूण लांबी सुमारे ८२३ मीटर, रुंदी ३५ मीटर, मनोरे सुमारे १२८ मीटर उंच.

श्लाइश ज्या देशातून आले तिथे पोलादी पूल वेल्डिंगने जोडण्याची रीत पक्की बसली होती. तोच नकाशा कोलकात्यात तसाच उतरवता आला असता का? वेल्डिंगला त्यासाठी योग्य पोलाद लागतं. उघड्यावर, उंचावर, जाड पट्ट्यांचं वेल्डिंग करणारे तरबेज हात लागतात. आणि आतला दोष डोळ्यांना दिसत नाही म्हणून प्रत्येक महत्त्वाचा जोड तपासणारी यंत्रणा लागते. त्या काळात इथे या तिन्ही बाबतींत भरवसा ठेवण्यासारखी स्थिती नव्हती.

इथे काय होतं? हावडा ब्रिजचा अनुभव. त्या पुलाला सुमारे २६,५०० टन पोलाद लागलं होतं, त्यातलं सुमारे २३,००० टन टाटांनी पुरवलं होतं. तो उभारणारी ब्रेथवेट, बर्न अँड जेसप ही कंपनी कोलकात्यातलीच, आणि विद्यासागर सेतूचं पोलादी कामही तिच्याकडेच आलं. रिव्हेट लाल होईपर्यंत तापवायचा, भोकात घालायचा, दुसऱ्या बाजूने ठोकून त्याला डोकं काढायचं. थंड होताना तो आकसतो आणि पट्ट्या घट्ट आवळतो. ढिला राहिला तर हातोडीच्या ठोक्याचा आवाजच सांगतो. ही विद्या या शहराच्या हातात होती.

म्हणून पुलाच्या तुळया आणि मनोरे रिव्हेटचे झाले. वर पोलादी डेकऐवजी काँक्रीटचा थर टाकला आणि तो खालच्या पोलादी सांगाड्याशी असा जोडला की दोघं मिळून भार घेतील. केबल्स डेकमध्ये जो आडवा दाब तयार करतात तो आठवतोय ना? दाब सोसण्यात काँक्रीट मुळातच तयार गडी. म्हणजे स्वस्त आणि इथे सहज मिळणारं साहित्य नेमकं त्याला जमेल त्याच कामाला लावलं. मनोऱ्यापासून दोन्ही दिशांना एकेक भाग पुढे ढकलत, केबल लावत, पूल नदीवर वाढत गेला. प्रवाहात परांची उभारावी लागली नाही.

अशा पोलाद-काँक्रीटच्या संयुक्त डेकचे केबल-स्टेड पूल पुढे मोठ्या प्रमाणावर झाले. कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळचा १९८६ सालचा ४६५ मीटर गाळ्याचा अलेक्स फ्रेझर पूल त्याच जातीचा. तेव्हा 'आपल्याकडे नव्हतं म्हणून जुन्यावर भागवलं' एवढंच हुगळीच्या पुलाबद्दल म्हणणं अन्यायाचं होईल. तिरप्या केबल्स आणि संयुक्त डेक या बाबतींत तो काळाच्या बरोबरीने होता, आणि जोडांच्या बाबतीत तो आपल्या जागेला धरून होता.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

नाविएच्या काळात तिरपी केबल नापास झाली, १९५० च्या दशकात पास झाली. जर्मनीत रिव्हेट मागे पडला, कोलकात्यात तोच योग्य ठरला. दोन्हींचं सूत्र एकच आहे. कुठलीही पद्धत स्वतःहून चांगली किंवा वाईट नसते, तिचा निकाल काही अटींमध्ये लागलेला असतो. पेपर वाचताना आपण निकाल लक्षात ठेवतो आणि अटी विसरतो.

म्हणून 'ही पद्धत अयशस्वी ठरली आहे' असं वाक्य कुठे वाचलंत तर वहीत तीन प्रश्न लिहा. नेमकं काय तुटलं, कल्पना की तिची एक विशिष्ट अंमलबजावणी? कोणत्या साहित्यात, कोणत्या यंत्रांवर, कोणत्या गणितावर तो निकाल उभा आहे? आणि त्यातलं आज काय बदललंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठोस असेल तर तुमच्या हातात खरी रिसर्च गॅप आहे, आणि आरआरसीसमोर 'हे तर आधी करून झालंय' असा प्रश्न आला तरी गडबडून जायचं कारण नाही. उत्तर 'काहीच नाही' असेल तर प्रामाणिकपणे विषय सोडा. प्रत्येक नापास कल्पना डिशिंगरची वाट बघत नसते. काही खरोखरच मेलेल्या असतात.

आणि छोट्या गावातल्या कॉलेजात, मोजक्या उपकरणांवर काम करणाऱ्या तुमच्यासाठी खास. परदेशातल्या पेपरमधलं उपकरण आपल्याकडे नाही म्हणून विषयच सोडून देऊ नका आणि तोच प्रयोग अर्ध्या साधनांत रेटूही नका. आपल्या लॅबमध्ये कोणती गोष्ट लोकांना उत्तम येते, कोणतं मोजमाप भरवशाने घेता येतं, त्याची आधी यादी करा. त्यानुसार प्रयोगाची आखणी बदला. विद्यासागर सेतूवर आजही रोज हजारो गाड्या धावतात, त्या असल्याच एका यादीच्या जोरावर.